मेट्रनबाईचं इंग्रजी

माह्यं माहेर लोणारच्या अंगाचं, आम्ही माळी, वांगे-मिरच्या लावणारे लोकं. बाप म्हणे पोरगी सातवी झाली, आता जलमभर मळ्यातच ठेवता का इले, धाडा दवाखान्यात नर्सचं शिकाले. माय रडली, भाऊबंद हासले, पण बापानं माही ट्रंक उचलली अन् यष्टीत बसवून मले बुलडाण्याले आणलं.

तिथली मेट्रनबाई केरळची. तिले मराठी येत नव्हतं अन् मले इंग्रजी. म्हंजे पुस्तकातलं यायचं हो, लुक म्हंजे पाहणं, आफ्टर म्हंजे मागून, हे पाठ होतं. पहिल्याच दिवशी बाईनं मले एका लेकरापाशी उभं केलं, म्हणे लुक आफ्टर हिम, अन् काय सांगू तुम्हाले, मी त्या लेकराच्या मागं जाऊन पाहून राह्यली, पाठीवर फोडबिड आहे का म्हून. बाई हासली नाई. तिनं त्याचं पांघरूण नीट केलं, पाणी पाजलं, मंग माह्याकडं पाह्यलं. तवा समजलं, हे तर सांभाळणं झालं.

एक दिवस चिखलीकडची पहिलटकरीण आली, बैलगाडीतून. बाळ झालं पण रक्त काही थांबेना. डॉक्टर, मेट्रनबाई, सारे तिच्याच भवताली. माह्याच वयाची पोरगी, माय वं माय वं करे, अन् मी तिचा हात धरून उभी. दुपारून रक्त थांबलं. बाईनं नाडी पाह्यली अन् मले म्हणे, शी विल पुल थ्रू. पुल म्हंजे ओढणं, हे मले पक्कं ठाऊक. मले वाटलं, आता यम ओढून नेते इले. वऱ्हांड्यात जाऊन ढसाढसा रडली मी. बाई मागून आली, म्हणे क्यों रोती, तं म्या हातानं ओढून दाखवलं अन् वर बोट केलं. बाईनं कपाळाले हात लावला, माह्यं मनगट धरलं, अन् दरवाज्यातून मले खस्सकन आत ओढलं, पार त्या पोरीच्या खाटीपाशी. म्हणे पुल. थ्रू. म्हंजे पोरगी संकटातून पार निघाली होती हो! हासू का रडू, मले समजेना.

तवापासून संध्याकाळी चहा पेताना बाई मले एकेक सांगे, गिव्ह अप म्हंजे हात टेकणं, अन् मी तिले मराठी शिकवो. पण आपली मराठी का सोपी आहे? त्याच पोरीचा नवरा बाईले म्हणे, इचा आत्ताच डोळा लागला. बाईले लागणं म्हंजे इजा होणं एवढंच ठाऊक, ते औषधाचा ट्रे घेऊन धावली अन् झोपलेल्या पोरीची पापणी वर करून पाहून राह्यली. पोरगी दचकली, नवरा गांगरला. मंग म्या समजावलं, डोळा लागला म्हंजे झोप, डोळे आले म्हंजे दुखणं, अन् डोळा मारला म्हंजे... बाई लाजली, म्हणे बस कर. आम्ही दोघी अशा हासलो का वार्डातले पेशंटबी हासाले लागले.

काही सालानं बाई नोकरी सोडून आपल्या गावाले निघाली. मी स्टॅन्डवर पोचवाले गेलती. मले वाटलं आता गुडबाय म्हणन. तं खिडकीतून माह्या गालाले हात लावला अन् म्हणते कशी, येते वं पोरी. जाते नाई म्हणली, येते म्हणली. हे तिले म्या शिकवलं नव्हतं, आपल्याच कानानं उचललं होतं तिनं.

आली नाई पुन्हा. आता माह्ये केस पांढरे झाले, नातवंडं फाडफाड इंग्रजी बोलतात, मी ऐकत बसते. बाई आहे का नाई, कोणाले ठाऊक. असन तं माह्यं उरलंसुरलं आयुष्य तिले लागो माय.