परतीची सही

आजी : आधी ते स्टूल कुठे लपवलंत ते सांगा.

बाई : कसलं स्टूल, आजी?

आजी : ज्यावरून माझी नात पडली ते. मंगळवारी, शाळेच्या तुमच्या या वाचनालयात. सात वर्षांची पोर, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर, आणि तुम्ही खुशाल पुस्तकांना कव्हरं घालत बसलाय.

बाई : बसा ना जरा.

आजी : बसायला नाही आले. माझ्या मुलानं काल लेखी तक्रार दिली. ती तुम्ही फायलीत घालाल आणि विसराल. माझी तोंडी आहे, ती ऐकावीच लागेल. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला एवढ्याशा पोरांना चढवता, स्वतः मात्र खुर्ची सोडत नाही.

बाई : दुसरीची पुस्तकं वर नसतातच. ही बघा, खाली खोक्यांत आहेत. पोरं सतरंजीवर बसतात, उलटीपालटी करतात, आवडेल ते उचलतात. वरच्या फळ्या शिक्षकांच्या, त्यांना कुलूप असतं.

आजी : खोकी काल आणून ठेवली असतील.

बाई : चार वर्षं इथेच आहेत. कडा बघा कशा झिजल्यात.

आजी : हं. बोलायला बऱ्या आहात. मग काय माझा मुलगा खोटं बोलतो?

बाई : मी तसं म्हटलं नाही. हे रजिस्टर बघाल? वाचता येतं ना तुम्हाला?

आजी : दुसरी शिकलेय. चष्मा आहे. दाखवा.

बाई : प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास मिळतो. नातीच्या वर्गाचा मंगळवारचा पहिला. दारातच हे टेबल असतं. आत पाऊल टाकायच्या आधी मागच्या आठवड्याचं पुस्तक द्यायचं आणि या रकान्यात सही करायची, परत दिलं म्हणून. मग खोक्यांकडे जायचं. निघताना या दुसऱ्या रकान्यात सही, नवीन नेलं म्हणून.

आजी : एवढ्याएवढ्या पोरांच्या सह्या घेता? कोर्टकचेरी आहे का ही?

बाई : त्यांना आवडतं. मोठं झाल्यासारखं वाटतं. ही तुमच्या नातीची ओळ. ही तीन आठवड्यांपूर्वीची सही. ही त्यानंतरची. ही मागच्या मंगळवारची.

आजी : अक्षर माझ्यासारखं आहे. ओळ सोडत नाही.

बाई : आणि ही या मंगळवारची.

आजी : ही तिची नाही.

बाई : माझ्यासमोर केली तिनं. डाव्या हातानं.

आजी : पोरगी उजव्या हातानं लिहिते.

बाई : हो. म्हणून तर मी विचारलं.

आजी : थांबा. ही परतीची आहे ना? म्हणजे आत येण्याआधीची?

बाई : आत येण्याआधीची.

आजी : मग वाटेत पडली असेल. शाळेत येताना. पोरं धावतातच.

बाई : असेल. पण मग तुमच्या मुलानं स्टूल का सांगितलं?

आजी : तुम्ही मला विचारू नका. तिला विचारलंत ना, ती काय म्हणाली ते सांगा.

बाई : म्हणाली, घरी दूध सांडलं. मी म्हटलं, दूध सांडल्यावर हात कसा दुखेल? त्यावर तिनं पेन खाली ठेवलं. मागे अडतीस पोरांची रांग होती, आजी. मी म्हटलं, बरं, जा, पुस्तक निवड. तास संपेपर्यंत ती एका हातानं पानं उलटत बसली. तेव्हा कुठे मी तिला मोठ्या बाईंकडे नेलं, त्यांनी तुमच्या मुलाला बोलावून घेतलं. मी आधी उठायला हवं होतं.

आजी : हवं होतं.

बाई : पाणी देऊ?

आजी : नको. रविवारी मी लेकीकडे गेले. सोमवारी परतणार होते, लेकीनं ठेवून घेतलं. मंगळवारी संध्याकाळी आले, तर प्लॅस्टर घातलेलं. तो म्हणाला शाळेत पडली. पोरगी माझ्याकडे बघेना. मला वाटलं, रुसलीय, दोन दिवस टाकून गेले म्हणून.

बाई : तिची आई?

आजी : दोन महिने झाले, माहेरी आहे. जाताना म्हणाली, त्याचा हात चालतो. मी म्हटलं, तुझी जीभ चालते म्हणून चालत असेल. पोरीला घेऊन निघाली होती. मी दारात आडवी उभी राहिले. माझ्या घरची पोर आहे म्हटलं, तुला जायचं तर एकटी जा.

बाई : आजी, हे मला मोठ्या बाईंना सांगावं लागेल. पुढेही कळवावं लागेल. गप्प नाही बसता येणार.

आजी : सांगा. माझं नाव घालून सांगा. म्हातारीनं स्वतः रजिस्टर बघितलं, असं लिहा. पण आधी एक काम करा. तिच्या आईचा नंबर मी घरात कुठेच राहू दिला नाही. तुमच्याकडे आहे?

बाई : पहिलीत कार्ड काढायला त्याच आल्या होत्या. त्यावर असेल. हा बघा.

आजी : लावा. माझ्या हाती द्या.

(फोन लागतो.)

आजी : मी बोलतेय. ठेवू नकोस. भांडायला नाही केला. पोरीचा हात मोडलाय. नाही, पडली नाही. तू म्हणालीस तसंच आहे. ऐक, रडायला नंतर वेळ आहे. आत्ता निघालीस तर शाळा सुटायच्या आत पोचशील. वाचनालयातल्या बाई आहेत, त्यांच्याकडे ये. इथूनच घेऊन जा. घराकडे फिरकू नकोस, तो घरीच आहे. कपडे राहू देत. हो, मी सांगतेय. मीच.

बाई : येतायत?

आजी : निघाली. तोवर पोरीला इथे तुमच्याजवळ बसवा. कोणीही न्यायला आलं तरी सोडू नका. मी पाठवलं म्हणालं तरी नाही.

बाई : तिला भेटून जा ना. वर्ग समोरच आहे.

आजी : नको. भेटले तर तिचा हात सोडवणार नाही मला.

बाई : मग तुम्ही कुठे निघालात?

आजी : घरी. शाळा सुटायच्या वेळेला तो तिला न्यायला निघतो. दारात कोणीतरी उभं राहायला हवं.