काखेतली भाकरी

तारीख ३ डिसेंबर १९८१, सकाळी दाट धुकं. पौडला आमच्या कोंबड्या चोरीला जात होत्या, म्हणून मी पुण्याहून वासराएवढा अल्सेशियन आणला. शेजारचे दगडूतात्या म्हणाले, "मास्तर, पयली भाकरी काखंत धरून घाला. मग कुत्रं त्या वासाच्या माणसाचंच ऱ्हातंय."

मी तव्यावरची भाकरी काखेत धरली आणि चटका बसताच ओरडून फेकली.

"आवं, अशी न्हाई!" तात्यांनी ती उचलून स्वतःच्या काखेत दाबली.

"तात्या, त्याला देऊ नका हं!"

"निस्तं दाखवतुया वो..."

तेवढ्यात कुत्र्यानं झडप घातली आणि भाकरी फस्त केली. बायको हसून हसून जमिनीवर बसली.

संध्याकाळी त्याला तात्यांच्या ओट्यावरून आणायला गेलो, तर माझ्यावरच गुरगुरला.

तात्यांच्या सगळ्या कोंबड्या शाबूत राहिल्या. आमची शेवटची पुढच्या सोमवारी गेली.