वेदश्रीच्या साडीची घडी

हौदु, हो, तीच ही — तेच तर सांगतेय, श्यामलाक्का, माझ्या अंगावर आहे ती वेदश्रीच्या लग्नासाठी आणलेलीच साडी. आल्या आल्या तुम्हीच पदर हातात घेऊन म्हणालात, काय सुरेख इरकल आहे गं, रेशीम बघ किती मऊ — आणि नवरीची आहे म्हटल्यावर विस्तव लागल्यासारखा सोडलात. ओढून बघा हवं तर, सुटायचा नाही. इरकलचा पदर मागाहून शिवत नाहीत, साडीच्या अंगाचा ताणा नि पदराचा ताणा दोरा दोऱ्यात अडकवून जोडतात आणि मग विणतात, पोरगी स्वतः इरकल गावाला जाऊन मागापाशी बसून बघून आली. आली ती थेट माझ्याकडे — आई, घडी तू मोड, पहिल्यांदा तू नेस. मी नको म्हटलं नाही का? म्हटलं. म्हटलं, नवरीच्या साडीची घडी सवाष्णीनं मोडायची असते, तुझ्या श्यामलाकाकूला बोलावते. तर म्हणाली, तू नेसली नाहीस तर मी पण नेसणार नाही, कुठली तरी फुलांची शिफॉन गुंडाळून उभी राहीन बोहल्यावर. म्हणून नेसले. नाही — म्हणून नाही. मला नेसायची होती, खोटं कशाला बोलू.

लाभत नाही म्हणता? मग जरा आठवा की. या घरात कोणाचं नवं लुगडं आलं की आधी कोणाला नेसायला देत होतात? तुमच्या साकेतच्या मुंजीतली तुमची हिरवी, गोदावरीवन्संची डोहाळजेवणाची — सगळ्या घड्या मीच मोडल्या. विमलाचं अंग लाभतं, ती नेसली की साडी विरत नाही — हे बोल तुमचेच, माझे नाहीत. मी पण दुपारभर मिरवायची, मग घामाची साडी सावलीत वाऱ्यावर टाकून, नवी घडी घालून परत द्यायची. तुमचे दीर गेले तर अंग बदललं काय माझं? तेच आहे की. दोन दिवाळ्या मी पहाटेच न्हाऊन बसून राहिले — कोणीतरी साडी घेऊन येईल, विमला घडी मोड म्हणेल म्हणून. हे काही सांगायचं नव्हतं मला. राहू दे.

सांगा, खुशाल सांगा. वरमाईला सांगा, वन्संना सांगा, सुभाष रोडवर उभं राहून सांगा. लग्नाला येणार नाही म्हणता — तुमची मर्जी, पान मांडलेलं असेल. संध्याकाळी मी ही उतरवणार, वारं देणार, वेखंडाचा तुकडा घालून ह्यांच्या धुतल्या धोतरात गुंडाळून ठेवणार — हो, ह्यांच्याच धोतरात — आणि लग्नात पोरगी हीच नेसणार. साकु, पुरे आता, अक्का, मला पण कामं आहेत, आणि तुमची हुबळीची बस चुकेल.

आणि ती पिशवी का मागं सरकवताय? नवी साडी आहे ना — लग्नासाठी घेतलेली? कडेनं काठ दिसतोय की, घडी पण तशीच आहे. मला दाखवायला आणलीत, का मला — नाही? हुबळीला वन्संकडे निघालात होय. घडी मोडायला. मला वाटलं... जा मग, जा, त्या वाट बघत असतील. माझ्या अंगावर आज जागा नाही.