सुईला हात लावणार नाही

अगं, सौदीत तबूकच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून गेले आणि हातात इकामा, म्हणजे तिथला राहण्या-कामाचा परवाना, पडला तो सफाई कामगाराचा! एचआरवाला आपला रत्नागिरीचाच. म्हणतो, "सिस्टर, नर्सचा व्हिसा शिल्लक नव्हता. नुसतं कागदावर आहे हो, काम नर्सचंच करायचं."

दुसऱ्याच दिवशी हेच एचआर साहेब फ्लूची लस घ्यायला बाही वर करून माझ्यापुढे बसले. मी फडकं घेतलं आणि त्यांची खुर्ची पुसायला लागले.

"अहो, इंजेक्शन?"

"कागदावर मी सफाईवाली. सुई टोचली तर पोलीस मला नेतील, तुम्हाला नाही."

"मी सांगतोय ना!"

"मग तेवढं लिहून द्या."

उठले तसेच, बाही वर ठेवून. नर्सचा इकामा येईपर्यंत मी रोज फक्त त्यांचंच टेबल पुसलं, सगळ्यांदेखत!