चित्रातलं उजाडेपर्यंत

मामामुळे! सगळं मामामुळे, तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कुणाचं नाव घेतलंत तर माझ्याशी गाठ आहे! कॉलेज मी सोडलं, कबूल, पण नोकरी? ती मामानं घालवली. या माणसाकडे जन्मभराचं एकच औषध... मी नापास झालो, "थांब, उजाडेल!" मामी रुसून माहेरी गेली, "थांब, उजाडेल!" अरे, पण कधी?

मामा शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणजे पोरांना बादली काढायला लावून स्वतः डुलक्या काढायचा. एका छापखान्याचा मालक त्याचाच जुना विद्यार्थी, त्याला मशीनवर माणूस हवा होता. आईनं शर्टाला कडक इस्त्री केली, आम्ही छापखान्यापाशी लवकर पोहोचलो, समोरच चित्रांचं संग्रहालय, आणि मामाच्या अंगात आलं! "पाचच मिनिटं रे! एकोणिसाव्या शतकातली पहाट आहे आत. ती न बघता मेलास तर जन्म फुकट!" म्हटलं, मामा, आधी जगायची सोय बघू दे ना!

ऐकेल तर मामा कसला! आत भिंतभर चित्र. आणि त्यात काय? धुकं! नदी धुक्यात, झाडं धुक्यात, पलीकडे एक पिवळसर फट. अहो, धुकंच बघायचं तर माझं भवितव्य काय वाईट होतं? घरबसल्या दिसतं! "डोळे किलकिले कर," मामा म्हणतो, "रंग बोलायला लागतात." केले. कुणी बोललं नाही. "सूर्य कुठाय?" "थांब, उजाडेल!" आणि स्वतः बाकावर बसून डोळे जे किलकिले केले, ते थेट घोरेपर्यंत!

तेव्हाच सटकायचं की नाही? पण... तो माणूस दिसला हो! खाली कोपऱ्यात, आधी दगडच वाटला होता. एक पाय होडीत, एक काठावर, हातात दोर. दीडशे वर्षं तसाच! म्हटलं, गाढवा, बसायचं तर बस, नाहीतर घरी जा! ...आणि चमकलो. बाप मला रोज हेच ऐकवतो, याच शब्दांत! जवळ गेलो, पहाऱ्यावरची बाई खेकसली, "ओ, दोरीच्या मागे!" मागे आलो तर पाणी लकाकलं, खरंच लकाकलं, मग विझलं, पुन्हा डोळे किलकिले केले, फट रुंदावल्यासारखी वाटली, आता येतोय वर, आता हा पाय उचलणार, आता... हसा, हसा! चित्रातला सूर्य उगवायची वाट बघत उभा राहिलो! मी!

शेवटी मामाच्या घोरण्याला वैतागून त्या बाईनं दोघांनाही बाहेर काढलं. खरा सूर्य डोक्यावर. छापखान्यात मशीन धडधडतंय आणि मशीनवर दुसराच कुणीतरी. मालक म्हणाला, "सर, जरा वेळेवर आला असतात तर..." आणि मामानं डोळे चोळत माझ्या खांद्यावर हात ठेवला. काय म्हणाला असेल? सांगा, तुम्हीच सांगा!

परवा पुन्हा गेलो, एकटाच, निव्वळ त्या होडीवाल्याला शिव्या घालायला. पाय अजून काठावरच आहे.

नोकरी मात्र गेली. लागायच्या आधीच.