निळकंठरावांनी दाबलेलं परिपत्रक

बसलात सगळे? मागच्या बायांनो, जरा पुढं सरका, तिकडं पंखा नाही. हां! आता देवाचं नाव घ्या आणि मला एक सांगा — एकही शब्द खोटा न बोलता माणूस पाप करू शकतो का?

काय म्हणता आजोबा? नाही? खोटं बोललोच नाही तर पाप कसलं? बरं! मग मंडळी, ऐका.

एका तालुक्याच्या गावी निळकंठराव दुसाने नावाचे गृहस्थ. तिथल्या कॉलेजात हेडक्लार्क. जुनं कौलारू कॉलेज, पण विद्यापीठाची पक्की मान्यता! निळकंठराव माणूस सज्जन. कपाळाला गंध, एकादशीला उपास. पण पोटात एक दुखणं होतं — आणि त्या दुखण्याचं नाव वैजयंती!

वैजयंती म्हणजे शेजारच्या महाल्यांची पोर. बाप पिठाची गिरणी चालवतो. निळकंठरावांचा हर्षल तिच्याच वर्गात. पहिलीपासून ती पहिली, आणि हा कुठंतरी मधे! ताटावर बसलं की बापाचं सुरू, "वैजू बघ कशी अभ्यास करते! वैजू करते ते कर!" अहो, पोराच्या घशाखाली घास उतरणार कसा? तो ताट उचलून आत जाऊन बसायचा!

बारावीचा निकाल लागला. वैजू अर्थशास्त्रात तालुक्यात पहिली! पेढे घेऊन आली, वाकून नमस्कार केला. निळकंठरावांनी पेढा तोंडात घातला — तर तो गिळवेना! गिरणीवाल्याची पोर पहिली? आणि माझ्या घरात पुस्तकांचं कपाट असून माझा पोरगा...? जळफळाट! नुसता जळफळाट!

हसता काय? मला चांगला ठाऊक आहे तो जळफळाट. पलीकडच्या आळीतल्या बुवांच्या कीर्तनाला मंडप पुरत नाही, बाहेर सतरंज्या टाकतात! कुणी हे सांगितलं की मी म्हणतो, "वा, वा!" आणि घरी गेल्यावर आमची ही विचारते, "आज जेवण का जात नाही?" तबलजी, तुम्ही हसू नका. तुम्ही तिथंही वाजवता!

तर वैजू म्हणाली, "काका, मला अर्थशास्त्राची पदवी घ्यायचीय. मग एम.ए., मग सरकारी परीक्षा. तुमच्या कॉलेजात येऊ, की हायवेवरच्या नव्या कॉलेजात जाऊ? बाबा म्हणाले, दुसानेकाका सांगतील तसं करू."

आणि मंडळी, आदल्याच दिवशी विद्यापीठाचं परिपत्रक आलेलं! त्या नव्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या पदवीची मान्यता काढून घेतली आहे, विद्यार्थ्यांना कळवावं. म्हणजे तिथं तीन वर्षं घासायची आणि पुढं एम.ए.ला कुणी दारात उभं करणार नाही! नवं कॉलेज हे आपणहून थोडंच सांगणार? मग हे परिपत्रक फळ्यावर लावायचं कुणी? निळकंठरावांनी! ते होतं कुठं? त्यांच्या टेबलावर, फायलीखाली दाबून!

निळकंठरावांच्या मनात आलं — हर्षलनंही इथं अर्थशास्त्रच घेतलंय, ही आमच्याकडं आली तर त्याच्याच वर्गात. आणखी तीन वर्षं! पुन्हा हीच पहिली! पुन्हा ते पेढे!

आणि ते म्हणाले, "इमारत छान आहे हो तिथली!"

सांगा आजोबा, यात खोटं काय? इमारत छानच होती! पोर बिचारी गेली आणि नव्या कॉलेजात नाव घालून आली.

आठ दिवस गेले. प्रवेशाची शेवटची तारीख. दुपारी हर्षल उड्या मारत ऑफिसात आला. "बाबा, आयुष्यात पहिल्यांदा तुमचं ऐकलं! वैजू करते ते केलं! इथला प्रवेश सकाळी रद्द केला नि नव्या कॉलेजात घेतला!"

निळकंठरावांच्या पायाखालची जमीन सरकली! "अरे गाढवा! त्याला मान्यता नाही! चल, तुझी जागा अजून रिकामी आहे, आत्ता अर्ज भर!"

पोरानं बापाकडं बघितलं. "मान्यता नाही? मग वैजूला का नाही सांगितलंत?"

बाप टेबलावरच्या फायली सारख्या करायला लागला.

"आता तरी सांगा."

"सांगू? एकच जागा उरलीय, हर्षल! पाचपर्यंत दोन अर्ज आले तर जास्त गुणवाल्याला मिळेल. ती आली तर तू गेलास! तुझं वर्ष जाईल!"

मंडळी, तुमच्या पोटचं पोर असतं तर? खरं सांगा, देव ऐकतोय. मी काय केलं असतं ते मी सांगत नाही. माझी हिंमत नाही.

हर्षलनं परिपत्रक ओढून घेतलं आणि गिरणीकडं पळत सुटला. बाप "अरे, अरे!" करत राहिला. पाचाच्या आत दोन अर्ज आले. जागा गेली वैजूला. हर्षल वर्षभरासाठी घरी बसला.

दुसऱ्या दिवशी महाले आणि वैजू दारात. महाल्यांचे हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. "साहेब, तुमच्यामुळं माझ्या पोरीची तीन वर्षं वाचली. हर्षलला तुम्हीच पाठवलंत ना? स्वतःच्या पोराची जागा दिलीत! देवमाणूस तुम्ही!"

बघा हं! नुसतं गप्प बसलं की झालं! एकही शब्द खोटा नाही, आणि वर देवमाणूस! हर्षल शेजारी उभा, पण तोही बोलेना. बापाची अब्रू होती ना!

निळकंठराव उंबऱ्याबाहेर आले. ते म्हणाले, "मी नाही पाठवलं. पोरी, तू विचारायला आलीस तेव्हाच मला ठाऊक होतं. मी जळत होतो तुझ्यावर."

महाल्यांचे जोडलेले हात खाली आले. पोरीचा हात धरून ते चालते झाले. क्षमा नाही, काही नाही. अजून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. पण त्या दिवसापासून हर्षल बापाशेजारी ताट घेऊन बसतो.

तर आजोबा, आता काय म्हणता? राहू द्या. मला उत्तर नकोच. पण इथं बसलेल्या तुम्हा प्रत्येकाला कुणाचं तरी काहीतरी ठाऊक आहे. चांगल्या शाळेचं, एखाद्या जागेचं, एखाद्या फसवणुकीचं. आणि ते तुम्ही त्याला सांगितलेलं नाही, कारण त्याचं भलं तुमच्या डोळ्यांत खुपतं. तो माणूसही याच मंडपात असेल. आरतीला अजून वेळ आहे. उठा, जाऊन सांगा. मी थांबतो.