सातवा श्रोता

कानाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर एक बहीण-भाऊ बसले होते. भावाच्या गळ्यात हा मोठा हेडफोन.

"तो काढ तरी. डॉक्टर ओरडतील."

"ताई, माझं कामच ते आहे."

"महिनाभर कानात शिट्टी वाजतेय, आणि म्हणे काम! थोडे दिवस बंद ठेव तुझा तो इंटरनेट रेडिओ."

"आत्ताच तर जम बसतोय! बेस म्युझिकच्या कार्यक्रमाला तीन श्रोते होते, या आठवड्यात सात झाले."

"ज्याच्या दणक्याने छातीत धडधडतं, तोच ना?"

"तोच. मध्ये सोल म्युझिक लावलं, इलेक्ट्रॉनिक म्युझिक लावलं, पण दोन तास सातातला एकही हलला नाही."

"हलतील कसे? त्यातले चार म्हणजे आपली आई."

"म्हणजे?"

"घरातले तिन्ही फोन आणि बाबांचा कॉम्प्युटर. सगळ्यांवर तुझा कार्यक्रम लावते, आवाज बंद करते आणि भाजी आणायला जाते."

"आवाज बंद करते?"

"तिला ब्लडप्रेशर आहे रे."

तो बराच वेळ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला.

"उरलेले तीन तरी खरे ना?"

"त्यातली एक मी."

"तू ऐकतेस?"

इतक्यात आतून त्याला बोलावलं.

"जा, आधी कान दाखवून ये. मग सांगते."